नऊपैकी सात

कागदाला चार घड्या होत्या. काकूंनी तो उघडून टेबलावर ठेवला आणि वरून तळवा फिरवून सपाट केला, भटजींसमोर पत्रिका ठेवावी तसा. डावीकडे नऊ ओळी, उजवीकडे हिरव्या शाईच्या खुणा. खुणा सात. तळाशी लेकीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पाच पुरतात. बाबांचे सात.’

“यांना नार्सिसिझम आहे,” काकू म्हणाल्या; म्हणजे टोकाचा आत्मकेंद्रीपणा. शब्द पाठ करून आल्या असाव्यात, कुठेही अडखळल्या नाहीत. “लेक म्हणते हे बरं होत नाही. तर सांग बाय, असल्या माणसाबरोबर राहायचं कसं? की निघायचंच?”

२०२३ सालची, चवथ (गणेशचतुर्थी) होऊन गेल्यानंतरची ही गोष्ट. काकू ५८ वर्षांच्या, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. काका ६१ वर्षांचे, सरकारी खात्यातून वर्षभरापूर्वी बाहेर पडलेले आणि गावच्या जत्रेतल्या नाटकांचे पस्तीस वर्षं नायक. घर गोव्यातल्या अंत्रुज महालातलं, म्हणजे फोंड्याकडचं, देवळाच्या आसपासचं. एकुलती लेक पुण्यात, आयटीत. काकू माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या; त्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, खातं आणि काही बारकावे बदलले आहेत. काकांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, “फोटो येणार?”

सात खुणांमागे सात प्रसंग होते आणि काकूंनी ते शाळेतल्या बाईंच्या शिस्तीने, एकामागून एक सांगितले. मे महिन्यात त्या बाल्कांवच्या (घरापुढच्या ओट्याच्या) पायरीवरून घसरून पडल्या, मनगट मोडलं. काका आतून आले, त्यांना ओलांडून खाली उतरले, पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे घेतले, परत वर आले आणि विचारलं, “चहा?” शेजारचे गृहस्थ वारले तेव्हा सुतकाच्या घरात बसून काकांनी आपल्या एका जुन्या भूमिकेतलं स्वगत म्हणून दाखवलं, तेही हसत. बोलणं मध्येच तोडणं, स्वतःचीच टिमकी वाजवणं, कुणाच्याही ताटातलं उचलून खाणं, काकूंच्या बहिणीला सगळ्यांदेखत “तू किती जाडी झालीस” म्हणणं. लेकीने प्रत्येक प्रसंग नेमक्या ओळीसमोर बसवला होता. सहानुभूतीचा अभाव, खूण. उद्धटपणा, खूण. आपल्याला खास वागणूक मिळायलाच हवी ही अपेक्षा, खूण.

लेकीला नावं ठेवायचं मला कारण नाही. कुणी काही समजावून सांगत नसताना तिने वाचलं, रील पाहिल्या, आईसाठी तक्ता केला. आणि त्या शब्दाने काकूंना काहीतरी दिलंही होतं. लग्नाला ३३ वर्षं झालेली. या माणसाने नाटकाच्या तालमींपायी लेकीचं बारसं पुढे ढकललं होतं, बायकोचे दागिने एकदा पडदे-पोशाखांसाठी गहाण टाकले होते. इतकी वर्षं नातेवाईक म्हणत आले, “कलाकार माणूस, स्वभावच तो.” आता प्रथमच कुणीतरी म्हणत होतं की चूक तुझी नाही. असा शब्द हातात आला की माणूस तो सहजी सोडत नाही.

आणि मीही तो सोडला नाही. पहिल्या दोन भेटींत मी काकूंना ‘नाही’ कसं म्हणायचं, भांडण कुठे थांबवायचं, स्वतःचे पैसे वेगळे कसे ठेवायचे हे शिकवत बसले. माझ्या फाइलवर त्या तारखेला लिहिलेलं आहे : ‘पती, आत्मकेंद्री गुणविशेष?’ प्रश्नचिन्ह घातलं होतं, एवढंच काय ते माझ्या बाजूने. न पाहिलेल्या माणसाबद्दल मी दोन तास काम केलं.

दुसऱ्या भेटीनंतर लेकीचा पुण्याहून फोन आला. तिला पत्र हवं होतं, ‘वडील नार्सिसिस्ट आहेत’ असं लिहिलेलं. फोंड्यातल्या वकिलाला दाखवायचं होतं. मी म्हणाले, मी बाबांना भेटलेलेच नाही. ती म्हणाली, पण सगळं जुळतंय की.

तेव्हा तिला मी गोल्डवॉटरची गोष्ट सांगितली. १९६४ साली अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. एका मासिकाने देशातल्या मनोविकारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, हा माणूस मानसिकदृष्ट्या लायक आहे का? १,१८९ जणांनी कळवलं, नाही. त्यातल्या कुणीही त्यांना तपासलेलं नव्हतं. गोल्डवॉटर बदनामीचा खटला जिंकले आणि १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला : जाहीर आयुष्यातल्या माणसाला स्वतः तपासल्याशिवाय आणि त्याच्या परवानगीशिवाय त्याच्याबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की उपचाराशी थेट संबंध असल्याशिवाय किंवा कायद्याने सांगितलेल्या कारणाशिवाय कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. लेक गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आई सोसत राहणार.” याचं उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं.

वकिलाकडून मात्र एक उपयोगाची गोष्ट कळली होती, ती तिनेच सांगितली. गावातल्या एका दलालाला काकांनी डोंगराकडची जमीन विकायला तोंडी होकार देऊन टाकला होता, भाव न विचारता. गोव्यात वेगळा करार न करता लग्न झालं तर दोघांची मिळकत सामायिक धरली जाते आणि एकाच्या सहीने जमीन विकता येत नाही, त्यामुळे व्यवहार काकूंच्या सहीपाशी अडला. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या या तरतुदीबद्दल इथे कौतुकाने बोलण्याची पद्धत आहे. या घरात तिने खरोखरच जमीन वाचवली. मी ते वहीत टिपलं आणि पुढे गेले. भाव न विचारता, या शब्दांपाशी थांबायला हवं होतं.

थांबले ते तिसऱ्या भेटीत, आणि निमित्त झालं ‘ग्रे रॉक’चं. समोरच्याला प्रतिक्रियाच द्यायची नाही, करड्या दगडासारखं निर्विकार व्हायचं, म्हणजे त्याला हवं असलेलं खाद्य मिळत नाही, असा हा इंटरनेटवरचा सल्ला. लेकीने आईला तो दिला होता. काकूंनी मन लावून पाळला. कौतुक नाही, भांडण नाही, प्रश्नांना ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? तीन आठवडे झाले. यांच्या लक्षातच आलं नाही.”

मी पेन खाली ठेवलं. स्वतःची आरती ओवाळून घ्यायची सवय असलेल्या माणसाची आरती अचानक थांबली तर तो रुसतो, आदळआपट करतो, गोड बोलून बघतो, नवा प्रेक्षक शोधतो. त्याचं मोठेपण दुसऱ्याच्या डोळ्यांवर उभं असतं आणि त्याखाली बहुतेक वेळा हळवी, चटकन दुखावणारी लाज असते. तीन आठवडे प्रेक्षागृह रिकामं आहे आणि नटाला पत्ता नाही, हे बसत नव्हतं.

मी विचारलं, “काका केस अजून रंगवतात?”

काकू हसल्या. “कसले रंगवतात! आधी दर रविवारी आरशापुढे तासभर. शर्टाला कडक इस्त्री. आता तोच शर्ट चार दिवस, वर भाजीचे डाग.”

“आणि नाटक?”

गेल्या जत्रेत दुसऱ्या अंकात ते रंगमंचावरून उतरून विंगेत पाणी प्यायला गेले होते. संवाद चालू असताना. समोर सगळा गाव. परत आले आणि पुढचं वाक्य बरोबर म्हणाले. लोक हसले. काकांना काही वाटलं नाही.

ही ओळ तक्त्यात नव्हती. तक्त्यात काय वाढलं ते विचारतात, काय गेलं ते नाही.

इथे निदानाच्या पुस्तकांबद्दल थोडं सांगावं लागेल. लेकीने वापरलेले नऊ निकष खरेच होते, अमेरिकेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेतले. नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार तिच्यात आला १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत. नऊपैकी किमान पाच हवेत हेही बरोबर. (हिशेब करून पाहा : हेच निदान झालेल्या दोन माणसांत एकच निकष सारखा असू शकतो.) पण या नऊ ओळींच्या आधी आणखी मजकूर आहे, सगळ्या व्यक्तिमत्त्व विकारांना लागू होणारा, आणि तो रीलमध्ये मावत नाही. वागण्याचा हा साचा किमान तरुणपणापासूनचा असावा, टिकून राहिलेला असावा, घरात-बाहेर सगळीकडे दिसावा, आणि तो नशेमुळे किंवा शरीराच्या दुसऱ्या आजारामुळे आलेला नसावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने तर नार्सिसिस्टिक वगैरे पोटनावं जवळपास सगळी काढूनच टाकली. आधी विकार आहे का ते ठरवायचं, मग तो सौम्य, मध्यम की तीव्र.

थोडक्यात, पुस्तक पहिल्यांदा विचारतं : कधीपासून? मी हा प्रश्न दोन भेटींत विचारलाच नव्हता, कारण ३३ वर्षांच्या संसाराची तक्रार ऐकताना उत्तर गृहीत धरलं होतं.

काकूंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, “पहिल्यापासूनच हो.” सगळे असंच म्हणतात. आजचं दुखणं मागच्या सगळ्या वर्षांना आपला रंग लावतं. म्हणून सालं न विचारता मी माटोळी विचारली. गोव्याबाहेरच्यांसाठी : चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं, भाज्या बांधतात, ती माटोळी. काका माटोळीसाठी गावात नावाजलेले. आठ दिवस आधी डोंगर पालथा घालायचे, नारळ-सुपारीचे घोस स्वतः निवडायचे आणि मग “कशी वाटली?” हे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून भंडावून सोडायचे. माटोळी कशी होती हे काकूंना वर्षवार आठवत होतं.

२०१९ : नेहमीसारखी, बघायला माणसांची रीघ. २०२० : कोविड, कुणी आलं नाही, तरी बांधली जोरात. २०२१ : रानात गेलेच नाहीत, सगळं बाजारातून आणलं, काकूंना वाटलं, वय. २०२२ : अर्धी बांधून सोडून दिली, उरलेली पुतण्याने पुरी केली, वाटलं, निवृत्तीचं मनाला लागलं. २०२३ : आरतीच्या आधीच माटोळीची केळी तोडून खाल्ली, आणि डब्यातल्या नेवऱ्या (करंज्या) दोन दिवसांत संपवल्या.

“गोड आवडायचं त्यांना?”

“कधीच नाही. मासळीवाला माणूस.”

म्हणजे दोन माणसं होती. एक, पस्तीस वर्षांपासूनचा हौशी नट, कौतुकाचा भुकेला, बायकोला गृहीत धरणारा; त्रासदायक, पण मित्र राखून असलेला, नोकरी नीट केलेला, लेकीच्या आजारपणात रात्रभर जागलेला. त्याला मी व्यक्तिमत्त्व विकार म्हटलं नसतं. आणि दुसरा, साधारण २०२१ पासून हळूहळू त्याच्या जागी येऊन बसलेला. लेकीने दोघांना एकाच कागदावर मोजलं होतं.

काका चौथ्या भेटीला आले. झोप आणि आठवण तपासायची आहे असं त्यांना खरंखरं सांगितलं होतं. कुरकूर न करता आले, खुर्चीत ऐसपैस बसले आणि टेबलावरचा माझा चष्मा उचलून स्वतःच्या चष्म्यावर चढवला. मी काही बोलले नाही. ते दोन चष्मे लावून पाच मिनिटं बोलत होते.

आठवण उत्तम. तारीख, वार, मुख्यमंत्री, तीन शब्द सांगून नंतर विचारले ते, सगळं बरोबर. एका राजाच्या भूमिकेतलं अर्धं पान म्हणून दाखवलं, आवाज अजूनही असा की बाहेरची माणसं डोकावली. मग मी विचारलं, ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणजे काय?

“अंगण सारवून सपाट करायचं,” काका म्हणाले. “नाहीतर पाय मुरगळतो.”

एका मिनिटात ‘क’वरून शब्द सांगा म्हटलं : केळं, काजू, केळं, करंजी. संपलं. मूठ, हाताची कड, तळवा हा क्रम माझ्याबरोबर जमला, एकट्याने करताना दुसऱ्याच फेरीला मोडला. मी एकदा टकटक केलं तर तुम्हीही करायचं, दोनदा केलं तर थांबायचं. दोन्ही वेळा टकटक. मेंदूच्या पुढच्या भागाचं काम पाहणारी ही छोटी चाचणी १८ गुणांची असते. त्यांना ९ मिळाले. घड्याळाचं चित्र मात्र सुबक काढलं. निघताना माझ्या डब्याचं झाकण उघडून आत काय आहे ते पाहिलं.

मी त्यांना बांबोळीला पाठवलं. (मनोविकारांची सरकारी संस्था आणि गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, दोन्ही बांबोळीलाच. त्यामुळे ‘बांबोळीला चाललोय’ म्हटल्यावर नेमकं कुठे हे शेजाऱ्यांना सांगावं लागत नाही. अनेक घरं या सोयीवर जगतात.) रक्ततपासण्या झाल्या, थायरॉइड आणि बी-१२ धरून, अशा बदलामागे बरं होण्याजोगं काही दडलेलं नाही ना, हे आधी बघावं लागतं. एमआरआयमध्ये कपाळामागचा भाग आणि कानशिलाच्या आतला पुढचा भाग आकसलेला दिसला, उजवीकडे जास्त. न्यूरॉलॉजिस्टनी निदान केलं फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं, त्यातल्या वागणूक बदलणाऱ्या प्रकाराचं.

स्मृतिभ्रंश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सत्तरी-ऐंशीचं, वाट चुकलेलं माणूस येतं. हा आजार बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात धरतो आणि सुरुवातीला आठवणीला हात लावत नाही. माया, संकोच, पुढाकार, तारतम्य, यांना आधी पोखरतो. गोडाची हाव, तेच ते करत राहणं, दुसऱ्याचं दुःख न जाणवणं ही त्याची लक्षणं. प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी अशा रुग्णाचं वर्णन १८९२ मध्येच केलं होतं. तरी आजही अशी माणसं न्यूरॉलॉजिस्टकडे पोचण्याआधी घटस्फोटाच्या वकिलाकडे किंवा माझ्यासारखीकडे पोचतात. पूर्वी घरची म्हणायची, ‘म्हातारचळ लागलाय.’ आता म्हणतात, ‘नार्सिसिस्ट आहे.’ नव्या शब्दाला शास्त्राचा वास आहे, म्हणून त्यावर कुणी शंका घेत नाही.

आजार उलटवणारं औषध नाही. अल्झायमरसाठी देतात त्या गोळ्या इथे उपयोगी पडत नाहीत, काहींचं वागणं उलट बिघडवतात. नैराश्यावरच्या एका औषधाने काकांची खाण्याची हाव थोडी उतरली. बाकी सगळी व्यवस्था घरातली : स्कूटरची चावी काढून घेतली, बँकेत व्यवहाराची मर्यादा घातली, देवळाच्या मंडळाला सांगून ठेवलं, काकूंनी डब्यांच्या कपाटाला कुलूप लावलं.

निदान कळलं त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती रडत होती. “मी आईला सांगितलं त्यांच्याशी बोलू नको म्हणून. आजारी माणसाशी.” मग धीर धरून विचारलं, हे मलाही होईल का? काही घराण्यांत हा आजार पिढीतून उतरतो. त्यांच्याकडे तसं कुणी आठवत नव्हतं. एवढंच खरं होतं, तेवढंच सांगितलं. आणि हेही, की तिच्या तक्त्याने आईला घराबाहेर काढून कुणाच्या तरी खुर्चीसमोर बसवलं. तो नसता तर काकू आल्याच नसत्या. सांत्वन म्हणून बोलले नाही, घडलं तसंच होतं.

काकूंची प्रतिक्रिया मी अपेक्षिली नव्हती. त्या रागावल्या.

“म्हणजे आता मी चिडायचंसुद्धा नाही?” त्या म्हणाल्या. “तो कागद होता तोवर मला चिडायला जागा होती. आता काय, बिचारे आजारी. बारसं पुढे ढकललं ते आजारपण? दागिने ठेवले ते आजारपण?”

नाही, मी म्हणाले. ते आजारपण नव्हतं.

तो तास आम्ही हिशेब वेगळा करण्यात घालवला, शब्दशः. वहीच्या पानावर उभी रेघ मारली, वर लिहिलं २०२१. डावीकडे काय पडतं, उजवीकडे काय. मनगट मोडलं तेव्हाचं ओलांडून जाणं उजवीकडे. सुतकाच्या घरातलं स्वगत उजवीकडे. दागिने डावीकडे, बारसं डावीकडे, आणि लेकीच्या तापात जागून काढलेली ती रात्रही डावीकडे; ती काकूंनी स्वतः, बराच वेळ पेन धरून बसल्यावर लिहिली. तीन-चार गोष्टी रेघेच्या नेमक्या कुठल्या बाजूच्या हे ठरेना. जमिनीचा होकार त्यातला एक; काका पूर्वीही दिलदारपणाचा आव आणायचे. त्या रेघेवरच लिहून ठेवल्या. ‘फोटो येणार?’ हेही मी मनात तिथेच ठेवलं आहे.

डाव्या बाजूचं काय करायचं, यावर काकू अजून महिन्यातून एकदा येतात. ज्याच्याकडे जाब मागायचा तो माणूस समोर बसूनही आता जाब देऊ शकत नाही. या दुःखाला शोक म्हणावं तर माणूस जिवंत आहे. मी त्याला कुठलं नाव दिलेलं नाही आणि काकूंनी मागितलेलंही नाही.

२०२४ च्या चवथीला त्यांनी मला घरी बोलावलं. माटोळी पुतण्याने बांधली होती, काकूंच्या सांगण्याबरहुकूम. केळ्यांचा घड मधोमध, उंचावर, हात न पोचेल असा. आणि चौकटीच्या एका कोपऱ्याला, काका बसतात त्या खुर्चीच्या वर, चार केळी वेगळी, खाली लोंबणारी. आरती सुरू व्हायच्या आत त्यातली दोन संपली होती. काकूंनी सालं उचलली, पदराने काकांची हनुवटी पुसली आणि मोठ्याने आरती म्हणायला लागल्या.